सर्किटवाली बॅटरी

जनूने बॅटरी तळहातावर आपटली, काच स्वतःकडे फिरवून तिच्यात डोकावून पाहिलं आणि ती पुन्हा मालूच्या हातात दिली.

"धर. हालवू नको."

"मी कुठं हालवतेय?" मालू म्हणाली.

समोर पाटावर गणपती होता. त्याचा उजवा डोळा झाला होता, डावा व्हायचा होता, त्यामुळे सध्या तो डोळा मारत असल्यासारखा दिसत होता. हमरापुरात अशा अर्धवट गणपतीला कोणी हसत नाही, सवय झालेली असते. बाहेर पाऊस लागून राहिला होता. कारखान्याला चहूबाजूंनी निळी ताडपत्री बांधलेली, त्यामुळे भर दुपारी आत बसलेली सगळी माणसं थोडी निळी दिसत. रंग न लागलेले कच्चे गणपती तर माणसांहून निळे.

जनूच्या घराची रीत अशी, की डोळे सगळ्यात शेवटी आखायचे, आणि तेही बॅटरीच्या उजेडात. मग लाइट असो वा नसो. ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सांडतो. माणूस सोंड बघतो, मुकुट बघतो, कुठे रंग ओघळलाय ते बघतो आणि त्याचा हात बिचकतो. बॅटरीच्या वाटोळ्या उजेडात फक्त एक डोळा उरतो. बाकीचा देव अंधारात आणि आखणाराही अंधारात. जनूचा बाप कंदिलावर आखायचा. मग लोखंडी लांबुडकी बॅटरी आली, आता बोटाएवढी एलईडी आली. ती धरायचं काम लग्न झाल्यापासून मालूकडे. नवराबायकोने जवळ बसून दोन शब्द बोलावेत म्हणून ही रीत कोणी काढली असेल असं बाहेरच्याला वाटेल, पण आखणी चालू असताना श्वाससुद्धा जपून सोडायचा असतो. त्यामुळे इतक्या वर्षांत त्या दोघांचं तिथे फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

"पुन्हा मंद झाली," जनू म्हणाला.

मालूने बॅटरीकडे पाहिलं, जनूकडे पाहिलं, आणि हात थोडा पुढे नेला.

"आता?"

"आता बरी."

त्याने श्वास धरला आणि डाव्या डोळ्याची वरची रेघ ओढली. रेघ सुरू झाली तिथे बरोबर होती. संपली तिथे मात्र ती जरा वर गेली होती, एखाद्याला मागून कोणी हाक मारल्यावर भुवई जाते तशी. जनूने मान तिरकी करून पाहिलं, मग खालची रेघ तिला जुळवून घेतली. मग बुबुळ त्या डोळ्याला शोभेल असं थोडं मोठं केलं. मग उजवा डोळा लहान दिसू लागला म्हणून त्यालाही थोडं वाढवलं. असं करत करत तो गणपती पुरा झाला तेव्हा त्याच्या तोंडावर, घरी आल्या आल्या लाइटचं बिल हातात पडल्याचा भाव होता.

तो एकटा नव्हता. फळीवर त्याच्या आधीचे ओळीने ठेवलेले होते. पहिले शांत होते. पुढचे जरा सावध. शेवटच्या चौघापाचांनी काहीतरी ऐकलेलं होतं.

ही ओळ सुशीलच्याही नजरेस पडली होती. सुशील हा जनूचा पुतण्या, आणि भाऊ गेल्यापासून कारखान्याचा मालक. पोरगा वाईट नव्हता. काकाला तोडून बोलत नसे, पण फळीपुढे उभा राहून मान खाजवत असे, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागे. शेवटी त्याने एवढंच म्हटलं होतं, की काका, तुमच्या त्या बॅटरीचं काहीतरी बघा.

बॅटरीचं काहीतरी बघायचं राहिलं तर काय होणार हे सुशीलने सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. कोपऱ्यात बाबाजी बसलेला होता.

बाबाजी एके काळी डोळे आखायचा. मोतीबिंदू झाला तेव्हा त्याला 'तेवढ्यापुरतं' मोदकांवर बसवलं. पुढे त्याचं ऑपरेशन झालं, झकास झालं, आता त्याला नारळाच्या झाडावरची मुंगी दिसते असं तो स्वतःच सांगतो. पण मोदकांवरून त्याला कोणी उठवलं नाही. तोवर डोळ्यांवर दुसऱ्याचा हात बसला होता, आणि तो हात जनूचा होता. बाबाजी दिवसभर मोदक पिवळे करतो आणि मोदकातसुद्धा एक भाव असतो असं जाणाऱ्या-येणाऱ्याला समजावतो. जाणारा-येणारा मान हलवतो. जनूही इतकी वर्षं हलवत आला होता. या पावसाळ्यात मात्र तो त्या कोपऱ्याला वळसा घालून जायला लागला होता.

पहिली एलईडी पेणच्या बाजारातली होती आणि तिच्याबद्दल वादच नव्हता. ती खरोखरच मंद होत असे. नवे सेल घातले की चांदण्यासारखी पडे, मग कोणाला न सांगता उतरत जाई. इतकी हळू, की उजेड कमी झालाय हे धरणाऱ्याला कळत नसे आणि बघणाऱ्यालाही नाही. बंद करून जरा बाजूला ठेवली की पुन्हा टवटवीत. माणूस खुशीने ब्रश उचलायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर ती पुन्हा होती तिथे. मरत मात्र नसे. रात्रभर जळत राहिली तरी सकाळी काचेच्या तळाशी एक काजवा उरलेला असे. जनूने तिच्यावर सगळे उपाय केले होते. सेल भाताच्या गरम झाकणावर ठेवले, तळहातांत चोळले, पुढचा मागे आणि मागचा पुढे केला. घड्याळातला सेल काढला, तर घड्याळ थांबलं. दारावरच्या पाखराच्या बेलचे काढून तिचे जुने तिला घातले, तर पाखराला सर्दी झाली.

मग सुशीलने रोह्याहून ही दुसरी आणली. चांगल्यातली, ॲल्युमिनियमची, मुठीत मावणारी. पहिले काही दिवस जनूने तिचं कौतुक केलं. मग तीही मंद व्हायला लागली.

त्यातच गडबच्या सीताबाई आल्या. त्या दरवर्षी आधी येऊन आपला गणपती ठरवून जात. या वेळी ठरवलेला बघायला आल्या आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आधी उजवीकडून बघितलं, मग डावीकडून. मग एकदा मागे वळून ताडपत्रीकडे बघितलं.

"मालू गो," त्या म्हणाल्या, "ह्यो माज्याकडं बघत नाय. माज्या मागं कोन हाय त्याला बघतो."

मालूने हसून काहीतरी म्हटलं.

"नाय गो, हसू नको. ह्यो घरात बसला तर आमी जेवायचं कसं? सारखं मागं बघत?" मग त्या खाली वाकल्या. "उंदीर बग कसा. ह्यो नीट बघतो."

उंदराचे डोळे मालू करायची. उंदीर आखणीत धरत नाहीत. बॅटरी खाली ठेवली की राहिलेल्या काळ्या रंगात ती दोन ठिपके देऊन टाकायची, वर एक पांढरा कण. त्याला रीत नव्हती, मुहूर्त नव्हता, बॅटरीही नव्हती.

सुशीलने सीताबाईंना ओळीतला सुरुवातीचा शांत गणपती दिला. जनू हे सगळं हात पुसत ऐकत होता. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

त्या संध्याकाळी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. तो उठे, बॅटरी भिंतीवर मारे, बसे, पुन्हा उठे. दोन पावलं जवळ जाऊन मारे, मग दोन पावलं मागे येऊन. मालूने एकदा विचारलं, की भिंतीवर काय आखायचंय का?

दुसऱ्या दिवशी सुशीलचा टेम्पो लहान मूर्ती घेऊन रोह्याला निघाला, तेव्हा जनू न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसला. बॅटरी त्याने रुमालात गुंडाळून आणली होती.

"दुकानदाराला दाखवतो," तो म्हणाला. "फसवलंय त्यानं तुला."

सुशील म्हणाला बरं. नागोठणं मागे पडलं. मग सुशीलने खड्डा चुकवता चुकवता सांगितलं, की हैबतरावांचा फोन आला होता. हैबतराव म्हणजे रोह्याच्या ज्या मंडळाचा मोठा गणपती कारखान्यात रंगून उभा होता, त्या मंडळाचे अध्यक्ष. गेल्या वर्षीसारखेच डोळे पाहिजेत, असं ते म्हणत होते. मग आणखी एक खड्डा चुकवून सुशीलने सांगितलं, की शनिवारी मशीनवाला येतोय. हवेच्या मशीनने रंग उडवून डोळे मारतो, छाप ठेवून, एकसारखे.

"तुमच्या हातच्या लाइनीला तोड नाय काका. पन बॅटरीनं घोळ घातला तर कोनाला सांगू? मोठा तुमी उद्याला करा. झाला तर झाला. नायतर शनिवारी त्यो करंल, आनि तुमी जरा..."

पुढे खड्डा नव्हता, तरी त्याने टेम्पो वळवला.

"मोदक," जनू म्हणाला.

"तेवढ्यापुरतं," सुशील म्हणाला.

हरेशचं दुकान रोह्याच्या बाजारात होतं. पंखे, मिक्सर, बल्ब आणि बोलणं. हरेश हा असा दुकानदार, की एक रुपयाचा फ्यूज घ्यायला आलेल्या माणसाला वीज कुठून निघाली हे पहिल्यापासून सांगेल. त्याने जनूची बॅटरी घेतली, चालू-बंद केली, कानाशी नेली आणि विचारलं, की काय होतंय?

"मंद होते," जनू म्हणाला.

"ही?"

"व्हय."

"ही मंद नाय होनार, काका."

मग हरेशने तीन बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या आणि त्यांचा स्वभाव सांगितला. जुनी बल्बची बॅटरी म्हणजे घरातला म्हातारा. आधी पिवळा पडतो, मग लाल, सगळ्या आळीला कळवून जातो. साधी एलईडी म्हणजे रिटायर झालेला साहेब. काम बंद, पण रोज हापिसात येऊन बसतो, जातच नाही. आणि ही तिसरी, सर्किटवाली. हिच्या आत एक इवलं सर्किट असतं. सेल भरलेला असो की उतरलेला, ते पुढे उजेड तेवढाच सोडतं. पहिल्या दिवशी जेवढा, शेवटच्या दिवशी तेवढा. मग एकदा-दोनदा पापणी लवते आणि बंद. आमच्या गल्लीतले पोस्टमन असेच गेले, हरेश म्हणाला. सकाळी इथेच उभं राहून चहा घेतला, मस्करी केली.

"पन मधल्यामधी थोडी तरी उतरत असंल," जनू म्हणाला.

"बनावटच नाय तशी."

जनूने मान हलवली नाही. हरेशला वाटलं त्याला पटलेलं नाही, आणि न पटलेलं गिऱ्हाईक त्याला सोसत नसे. त्याने शटर अर्धं खाली ओढलं. खोक्यातून तसलीच कोरी बॅटरी काढली, तिच्यात कोरा सेल घातला. एका हातात ती घेतली, दुसऱ्यात जनूची, उतरलेल्या सेलची. पाठीमागे हात नेऊन दोन्हींची अदलाबदल केली आणि समोरच्या भिंतीवर दोन वाटोळी पाडली, शेजारी शेजारी.

"सांगा. नवी कुठली?"

जनूने पाहिलं. दोन्ही वाटोळी सारखी होती. दोन्ही मंद होती. दोन्हींच्या कडांना दुधावर धरते तशी साय धरली होती, आणि ती साय भिंतीवरून हळूहळू आतपर्यंत आलेली होती. त्याने डोळे मिटून उघडले. मग हरेशला न कळेल असा डावा डोळा हाताने झाकला, जणू कपाळ पुसतोय. वाटोळी होती तशीच राहिली. उजवा झाकला, तेव्हा वाटोळी गेली, नुसती भिंत राहिली.

"डावीकडची," तो म्हणाला.

हरेश खूश झाला. "ती तुमची. जुनी."

"अस्सं," जनू म्हणाला.

"म्हंजे तुमचं तुमीच सांगितलंत. बॅटरी वोके हाय." त्याने शटर वर ढकललं. बाजारातला सगळा उजेड आत आला, त्यालाही साय होती. "मग तुमाला मंद काय दिसतंय?" असं त्याने हसतच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मिक्सरचं भांडं घेऊन आलेल्या बाईकडे वळला. वळता वळता, तुमच्याकडे खाडीची हवा, ओलीने कधी कधी होतं, असंही एक कारण देऊन टाकलं. माणसाला रिकाम्या हाताने पाठवायची त्याची पद्धत नव्हती.

परत येताना जनूने बॅटरी रुमालात गुंडाळली नाही. मुठीत धरून बसला. सुशीलने काय झालं विचारलं तेव्हा, सेल खराब निघाले असं सांगितलं. गडबला चहाला थांबले. टपरीवरचा बोर्ड पुरता वाचता येतो का हे बघायचं त्याच्या मनात आलं, पण त्याने तिकडे पाठ केली आणि चहा उभ्यानेच, पोळत, संपवला. सुशीलचा अर्धा ग्लास व्हायच्या आत तो पुन्हा सीटवर जाऊन बसला होता.

घरी मालू दारातच होती.

"काय म्हनला?"

"सेल खराब. दुसरं दिलंय त्यानं."

"बोलले नाय मी कदी," मालू म्हणाली. "मलाबी मंदच दिसत हुती."

जनू चपला काढत होता. एक काढली आणि दुसरी पायात तशीच ठेवून थांबला. मालू आत पाणी आणायला गेली. ती मंद दिसत होती म्हणाली. जी मंद होतच नाही, बनावटच तशी नाही, ती हिलाही मंद दिसत होती. मालू दिवेलागणीला अंगणातून, रस्त्याने कोण चाललंय ते सांगायची. तांदळातले खडे तर ती बोलता बोलता काढायची.

तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि मागचे दिवस उलटे बघू लागला. चैत्रात मालू पाटाच्या त्या कडेला बसायची, हात लांब करून. मग ती गुडघे टेकून बसायला लागली. मग म्हणाली पाय दुखतात, आणि पाटच जवळ ओढला. रोज, जरा जरा. त्याने मंद म्हणावं आणि तिने हात पुढे न्यावा. तिने कधी, मला तर नीट दिसतंय असं म्हटलं नव्हतं. उजेड कमी झालाय हे त्याला कळू नये इतक्या हळू ती तो वाढवत आली होती.

पाणी आलं. त्याने ते घेतलं. मग दुसरी चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या गणपतीसमोर फळी टाकून बैठक केली. माणसाच्या छातीएवढी मूर्ती, सोनं-पीतांबर सगळं झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या खोलगट जागा. सुशील मुद्दामच लांब, दाराशी, टेम्पोवाल्याशी बोलत उभा होता. बाबाजीने आज मोदक हातात घेतला होता पण रंग घेतला नव्हता.

जनूने ब्रश भिजवला, अंगठ्यावर टोक करून घेतलं. मालूने बॅटरी लावली. ती आपण होऊनच पार कपाळाशी आणून धरली, इतकी, की तिच्या बांगड्या सोंडेला लागल्या. हाताला नीट टेकू नव्हता. कोपर वरच्यावर होतं. तिने दुसऱ्या हाताने ते धरलं.

जनूने ब्रश पांढऱ्या जागेपर्यंत नेला. तिथे थांबला. श्वास धरलेला होता तो सोडला.

"काय झालं?" मालू हळूच म्हणाली. "मंद वाटते?"

"नाय."

तो फळीवर सरकला आणि आपल्या जागी हाताने थापटलं. मालूला कळलं नाही. मग त्याने तिच्या मुठीतली बॅटरी काढून घेतली आणि रिकाम्या झालेल्या बोटांत ब्रश दिला.

मालूने दाराकडे पाहिलं. सुशीलची पाठ होती. तिने कोपऱ्याकडे पाहिलं. बाबाजीने मान खाली घातली आणि घाईने मोदकाला रंग लावायला घेतला.

"मी?" तिने ओठांनी विचारलं.

जनूने पुन्हा फळीवर थापटलं. आखणी चालू असताना बोलत नाहीत.

ती बसली. पदर खोचला. ब्रशचं टोक तिने स्वतःच्या अंगठ्यावर पुन्हा एकदा केलं, त्याच्यापेक्षा बारीक. मग बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे नुसती बघत राहिली, आणि पाऊस ताडपत्रीवर वाजत राहिला.

जनूने बॅटरी धरली. दुसऱ्याच्या आखणीला ती आयुष्यात पहिल्यांदाच धरत होता, त्यामुळे किती अंतरावर धरायची याचा त्याला अंदाज नव्हता. त्याला बरी वाटेल एवढी त्याने ती जवळ नेली.

मालूने ब्रश तसाच वर धरून, मान न वळवता, मोकळ्या हाताने त्याचं मनगट मागे सारलं.

"एवडी जवळ नको," ती म्हणाली. "मला दिसतंय."